चाप फुलात, ओळख बुडख्यात

प्रश्न असा आलाय: "सिडनीला येऊन चार महिने झाले. मागच्या रविवारी ब्लू माउंटन्समध्ये पायवाटेच्या कडेला गवताच्या झुबक्यातून वर आलेल्या दांड्यावर गुलाबी फुलं दिसली. मुलीने काडीने एक फूल डिवचलं तर आतून काहीतरी फटकन उलटून आलं. एका अ‍ॅपने नाव दिलं स्टायलिडियम ग्रामिनिफोलियम, दुसऱ्याने स्टायलिडियम आर्मेरिया. बरोबरचा मित्र म्हणतो ऑर्किड. बायको म्हणते कीटकभक्षी. एका जुन्या पुस्तकात अशाच चित्राखाली कँडोलिया लिहिलंय. नेमकं खरं काय? फोटो जोडतोय."

फोटो छान आलाय. पाकळ्यांच्या तळाशी असलेल्या बारीक पांढऱ्या खुणासुद्धा दिसतात. पण एवढ्यावरून नक्की जात सांगा म्हणाल तर नाही सांगता येणार. सतरा वर्षं इथल्या जंगलपट्ट्यांत वनस्पतींची सर्वेक्षणं करतेय, तरी नाही. दोष तुमच्या फोटोचा नाही. या झाडाचं फूल सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेतं, आणि जात ठरते ती खाली बुडख्याशी, जिथे फुटपट्टी घेऊन गुडघे टेकून बसावं लागतं. तिथला एकही फोटो तुम्ही काढलेला नाही. कुणीच काढत नाही.

तुमचा प्रश्न एक दिसत असला तरी त्यात तीन गुंते आहेत. हे झाड कुठल्या घरातलं, त्या घरातलं नेमकं कोण, आणि एकाच झाडाला इतकी नावं कशी? पुढे गोंधळ नको म्हणून आधी एक सांगते. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रं सरसकट 'दुर्मीळ प्रजाती सापडली' असं छापतात तेव्हा त्यांना जाती म्हणायचं असतं. मी कॉलेजात शिकलेलेच शब्द वापरते. तुमच्या फोटोतली प्रजाती स्टायलिडियम, इंग्रजीत ट्रिगरप्लांट, यात शंका नाही. दोन्ही अ‍ॅप तिथवर बरोबर आहेत.

मित्राचं ऑर्किड आधी बाजूला करू, कारण त्यांची चूक अडाणीपणाची नाही. ऑर्किडच्या फुलात मधोमध एक खांब असतो, त्यात नर आणि मादी भाग एकजीव झालेले असतात. ट्रिगरप्लांटमध्येही नेमकं तेच: दोन पुंकेसर (नर भाग) आणि कुक्षीवृंत (मादी भागाचा देठ) मिळून एकच दांडी बनते. पानं गवतासारखी, तेव्हा ऑर्किड वाटणं साहजिक आहे. पण मोजायला बसा. ऑर्किडचा हिशोब तीनचा, याचा पाचचा. "चारच पाकळ्या दिसतात," असं म्हणाल. पाचवी आहे, फक्त ती आक्रसून इवलीशी जीभ झालेली असते आणि खाली वळलेली असते. भिंगातून शोधा, सापडेल. शिवाय ऑर्किडचे पराग बहुतेक वेळा गोळ्यांच्या रूपात चिकटतात, याचे पराग सुटे, भुकटीसारखे. पानं गवतासारखी असली तरी हे द्विदल झाड आहे. खांब दोन्हीकडे आला तो वेगवेगळ्या वाटांनी, नात्याने नव्हे.

आता तुमच्या मुलीने जे पाहिलं ते. स्टायलिडियम हे नावच 'लहान खांब' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. तयारीत असताना तो खांब फुलाच्या बाहेर, पाकळ्यांच्या खाली वाकून दबा धरून बसलेला असतो. मधमाशी फुलाच्या तोंडाशी आली आणि तिचा स्पर्श खांबाच्या मुळाशी झाला, की खांब उसळून पलटतो आणि तिच्या अंगावर थाप मारतो. या सगळ्याला साधारण 15 ते 30 मिलिसेकंद लागतात. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणून तुम्हाला 'काहीतरी उडालं' एवढंच दिसलं. मग काही मिनिटांत, कधी अर्ध्या तासाने, खांब हळूहळू मागे वाकतो आणि पुन्हा तयार. लाजाळूसारखंच पेशींतल्या पाण्याच्या दाबावर चालणारं हे यंत्र आहे. थंडीत ते सुस्तावतं. सकाळी सात वाजता डिवचलंत आणि काही झालं नाही, तर फूल मेलंय असं समजू नका, दहा वाजता या.

घरी आम्ही याला चापाचं फूल म्हणतो. मराठीत याला रूढ नाव नाही, असायचं कारणही नाही. काटेकोर बोलायचं तर माशी दाबते तो चाप आणि वरून पडतो तो बंदुकीचा घोडा, पण 'घोड्याचं फूल' म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी उभं राहील.

मुलीला पुढच्या वेळी एक दाखवा. दांड्यावरची फुलं खालून वर उमलत जातात. वरच्या, ताज्या फुलाच्या खांबाचं टोक बघा: दोन परागकोश, परागांनी भरलेले. खालच्या, दोन-चार दिवस जुन्या फुलात परागकोश बाजूला सारून मधून कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं मादी टोक, वर आलेली असते, बारीक गादीसारखी. म्हणजे एकच फूल आधी नर, मग मादी. पहिल्या टप्प्यात खांब माशीच्या अंगावर पराग थापतो आणि दुसऱ्या टप्प्यात, त्याच जागी आपटून, दुसऱ्या फुलाचे पराग उचलतो. एकाच माळावर तीन-चार जाती फुललेल्या असल्या तरी प्रत्येकीच्या खांबाची लांबी आणि वळण वेगळं, त्यामुळे कुणी पाठीवर थाप मारते, कुणी डोक्यावर, कुणी पोटाखाली. पराग सहसा मिसळत नाहीत. या प्रजातीत जवळपास तीनशे जाती आहेत, बहुतेक सगळ्या ऑस्ट्रेलियात आणि त्यातही सर्वांत जास्त खंडाच्या नैऋत्य कोपऱ्यात. इतक्या जाती एकमेकींना खेटून कशा नांदतात, याचं एक उत्तर या थापेच्या जागेत आहे.

घराणं कोणतं? कूळ स्टायलिडिएसी, हे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी 1810 मध्ये मांडलं. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीच्या जहाजावरून त्यांनी ऑस्ट्रेलियाचा किनारा पालथा घातला होता, ही झाडं जिवंत पाहिली होती. कुळात स्टायलिडियमखेरीज थोड्याच प्रजाती आहेत. लेव्हनहूकिया नावाच्या चिमुकल्या झाडांत खांब स्थिर राहतो आणि चाप असतो तो त्या पाचव्या पाकळीला. फोर्स्टेरा आणि फिलाक्नी डोंगरमाथ्यावरच्या, त्यांत असली हालचालच नाही. कूळ ज्या गणात, म्हणजे कुळांच्या मोठ्या गटात, बसतं तो गण अ‍ॅस्टरेलीस, म्हणजे सूर्यफुलाचा.

इथे मी नेहमी साताऱ्याला जाते, मनाने. कासच्या पठारावर पिवळी सोनकी फुललेली असते, कुमुदिनी तळ्यात पांढऱ्या झालरीची कुमुदिनी तरंगत असते, आणि महाबळेश्वरकडे जाताना रस्त्याच्या कडेला पुरुषभर उंच देवनळ उभा असतो. तिन्हींची कुळं वेगळी, पण गण एकच आणि तो तुमच्या गुलाबी फुलाचाही आहे. सोनकी आणि ट्रिगरप्लांट भाऊबंद आहेत हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण बघा: या गणातल्या अनेकांकडे अन्नाचा साठा स्टार्चऐवजी इन्युलिन या दुसऱ्या कर्बोदकाच्या रूपात असतो, ट्रिगरप्लांटमध्येही तो सापडतो. अंडाशय पाकळ्यांच्या खाली बसलेला. आणि पराग देण्याच्या कामात कुक्षीवृंताला जुंपायची सवय. सूर्यफुलात परागकोशांची नळी बनते आणि कुक्षीवृंत आतून दट्ट्यासारखा पराग वर ढकलतो, देवनळातही तसंच. ट्रिगरप्लांटने दोघांना थेट एकमेकांत ओतून टाकलंय. हे शेवटचं साम्य म्हणजे पुरावा नव्हे, माझी लक्षात ठेवायची खूण आहे. पुरावा डीएनएचा आहे आणि तो भक्कम आहे.

तुम्ही बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं असेल तर बेंथम आणि हूकर यांची वर्गीकरणाची जुनी पद्धत घोकली असेल. त्यात हे कूळ कॅम्पॅनेलीस या गणात, घंटाफुलांच्या शेजारी होतं. विसाव्या शतकातल्या क्रॉन्क्विस्ट यांच्या वर्गीकरणातही ते कॅम्पॅन्युलेलीसमध्ये, म्हणजे घंटाफुलांच्याच गणात राहिलं. आता घंटाफुलंच सूर्यफुलाच्या मोठ्या गणात गेली, त्यांच्याबरोबर हेही आलं. झाड जागचं हललं नाही, शेजार तोच राहिला, फक्त दोन वाड्यांमधली भिंत पडली. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींचे सात खंड 1863 ते 1878 मध्ये लिहिणारे बेंथम इथे एकदाही आले नव्हते. वाळवलेल्या नमुन्यांवरून त्यांनी इतकं बरोबर ओळखलं, हे आजही अचंबा वाटण्यासारखं आहे.

आता कँडोलिया. स्टायलिडियम हे नाव सर्वांत आधी 1790 मध्ये लुरेरो या पोर्तुगीज मिशनऱ्याने वापरलं, पण भलत्याच झाडाला. ते झाड आपल्या अंकोलाचं सख्खं भावंड, आज त्याची प्रजाती अलांजियम आहे. कोकणातल्या कुंपणाला अंकोल पाहिला असेल तर कल्पना करा, नशीब थोडं फिरतं तर आज त्याच्या भावंडाला स्टायलिडियम म्हणत असते! पुढे 1805 मध्ये स्वीडनच्या स्वार्ट्झ यांनी दिलेलं स्टायलिडियम हे नाव व्हिल्डेनोव्ह यांच्या ग्रंथात ट्रिगरप्लांटसाठी छापून आलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लाबियार्दिएर यांनी याच झाडांना कँडोलिया म्हटलं. नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकतं, पण 'स्टायलिडियम' हा शब्द तर लुरेरोंनी आधीच वापरून ठेवलेला. त्यामुळे मेलबर्नचे फर्डिनांड फॉन म्यूलर यांच्यासारखे काहीजण कँडोलियाला धरून राहिले. शेवटी नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्टायलिडियम हे नाव खास ठराव म्हणून राखून ठेवलं गेलं आणि वाद मिटला. तुमचं जुनं पुस्तक चुकीचं नाही, ते हरलेल्या पक्षाचं आहे.

इथवरचं थोडक्यात: ऑर्किड नाही, गण अ‍ॅस्टरेलीस, कूळ स्टायलिडिएसी, प्रजाती स्टायलिडियम, आणि कँडोलिया हे त्याच प्रजातीचं बाद झालेलं नाव.

राहिला खरा प्रश्न, ग्रामिनिफोलियम की आर्मेरिया. दोन अ‍ॅप भांडतायत यामागे इतिहास आहे. फार वर्षं आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या गवती पानांच्या जवळपास सगळ्या गुलाबी ट्रिगरप्लांटना ग्रामिनिफोलियमच म्हटलं जाई. समुद्रकाठची दणकट, रुंद पानांची झाडंही तीच आणि उंच पर्वतांवरची बुटकी झाडंही तीच. ज्यांनी दोन्ही पाहिली त्यांना हे खटकायचं, पण मधली झाडंही सापडायची, त्यामुळे रेघ कुठे मारायची हे ठरेना. 2001 मध्ये एकाच नियतकालिकात पाठोपाठ दोन मोठे लेख आले, एक मुख्य भूमीवरच्या झाडांबद्दल, दुसरा टास्मानियातल्या. शेकडो झाडांची मापं घेऊन त्यांनी हे एकत्र कुटुंब फोडलं. आर्मेरिया हे लाबियार्दिएर यांचं जुनं, अडगळीत पडलेलं नाव पुन्हा उभं केलं, डोंगरावरच्यांना माँटेनम हे नवं नाव दिलं, टास्मानियात आणखी दोन जाती वेगळ्या काढल्या. त्यामुळे त्याआधीच्या नोंदीत 'ग्रामिनिफोलियम' दिसलं तर ते सैल अर्थाने वाचायचं. लोकांनी वर चढवलेल्या फोटोंखालीही जुनी-नवी दोन्ही नावं आहेत. अ‍ॅप त्यावरच शिकलेलं, आणि फोटो बहुतेक फुलांचे, म्हणजे जिथे फरक सर्वांत कमी तिथले. त्याने तरी काय करावं?

तुमच्या जागेवर मी असते तर आर्मेरिया आधी मागे टाकलं असतं. ती जात मुख्यतः टास्मानियाची आणि दक्षिणेकडच्या भागांतली, ब्लू माउंटन्समध्ये तिची शक्यता कमी. माँटेनम त्याहून उंच, बर्फ पडणाऱ्या भागातली. मग उरतं ग्रामिनिफोलियम, आणि बहुधा तेच आहे. 'बहुधा' का, तर दोन्ही अ‍ॅपनी न सुचवलेले तीन उमेदवार तिथे खरोखर आहेत.

त्यासाठीच बुडखा. पानं जमिनीलगत एकाच झुबक्यात, गवतासारखी चपटी, काही मिलिमीटर रुंद असतील तर ग्रामिनिफोलियम. झुबकाच, पण पानं अगदी सुईसारखी बारीक आणि सगळं झाड अंगाने किरकोळ असेल तर लिनिअरे. खोड जमिनीवरून वर वाढलेलं, त्यावर पानांचा एक झुबका, मग उघडं खोड, मग पुन्हा झुबका, असं मजल्यावर मजला दिसलं तर प्रोडक्टम. आणि खोडभर बारीक पानं दाटीने लागून छोट्या देवदाराची फांदी वाटली तर लॅरिसिफोलियम. चौघांची फुलं तुमच्यासारख्या जवळून काढलेल्या फोटोत गुलाबी आणि चार पाकळ्यांचीच दिसतात.

पानाच्या रुंदीवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. गर्द सावलीतलं झाड आणि उघड्या खडकावरचं झाड यांच्या पानांत फरक पडतो. वणव्यानंतरच्या पहिल्या वसंतात माळभर ही फुलं उसळलेली मी पाहिली आहेत, तेव्हा पानं अजून पुरती वाढलेली नसतात. म्हणून एका झाडाचं नको, आसपासच्या पाच-सहा झाडांचं बघा. पानाची कडा बोटाने चाचपा, गुळगुळीत की बारीक दातेरी, तेही लिहून ठेवा.

हे एवढं ठासून सांगतेय कारण मी स्वतः तोंडावर आपटलेय. सुरुवातीच्या वर्षांत एका सर्वेक्षणात मी परवान्याने नमुने गोळा केले. फुलोरा सुंदर होता, दांडा लांब होता, कागदात मावेना म्हणून खालचा भाग कापून टाकला आणि ग्रामिनिफोलियम म्हणून चिठ्ठी लावली. पुढे नमुना तपासणाऱ्या बाईंनी परत पाठवला, सोबत पेन्सिलीने लिहिलेली एकच ओळ: पाय कुठे आहेत? मी पुन्हा त्या जागी गेले. ते प्रोडक्टम निघालं, मजले तिथेच उभे होते. शिवाय वाळल्यावर फुलं तपकिरी पडली होती, खांब सगळे पलटलेले, पाकळ्यांच्या तळाशी असलेल्या खुणा नाहीशा. तेव्हापासून परवाना असेल तेव्हा दोन-चार फुलं अल्कोहोलच्या बाटलीत वेगळी ठेवते आणि मूळ झाडाचा फोटो मापाच्या पट्टीसकट काढते. तुम्ही मात्र काहीही तोडू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे.

वहिनींचं कीटकभक्षी हे अर्धं खरं असण्याची शक्यता आहे, पण त्यांना वाटतंय त्या कारणाने नव्हे. तो खांब काहीही पकडत नाही. थाप मारून माशीला सोडून देतो, ती जिवंत राहून पुढच्या फुलावर गेली तरच त्याचं भागतं. मात्र दांड्यावर आणि फुलाच्या देठावर हात फिरवला तर चिकट लागतं. तिथे ग्रंथी असलेले केस असतात आणि त्यांत चिलटं अडकून मेलेली दिसतात. 2006 मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की या केसांतून प्रथिनं पचवणारी विकरंही (एन्झाइम) येतात. झाडाला त्या चिलटांतून कितपत पोषण मिळतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी माझ्या नोंदींत कीटकभक्षी लिहीत नाही. हेच चिकट केस फुकट्या किड्यांना फुलापर्यंत चढू देत नाहीत, एवढं कामही त्यांच्या असण्याला पुरेसं आहे. ज्याच्याबद्दल वाद नाही असं कीटकभक्षी झाड हवं असेल तर त्याच पायवाटेवर ओल्या खडकाखाली ड्रोसेरा शोधा. कासवर आपण ज्याला दवबिंदू म्हणतो, त्याचेच भाईबंद.

नावांच्या सीमा अजूनही हलतायत, हे गृहीत धरून वाचा. न्यूझीलंडमध्ये ओरिओस्टायलिडियम नावाचं एक छोटं पांढऱ्या फुलांचं झाड आहे, त्याचा खांब हलतच नाही. चाप नाही म्हणून त्याला सव्वाशे वर्षं स्वतंत्र प्रजाती मानलं होतं. 2002 मध्ये डीएनए बघितला तर ते स्टायलिडियमच्या ऐन मध्यात बसलेलं निघालं. म्हणजे चाप त्याच्या पूर्वजांकडे होता, याने तो सोडून दिला. ज्या खुणेवरून सगळ्या घराण्याला ओळखतो तीच एखाद्या वारसाकडे नसते. उलट भारतात पूर्वेकडे, बंगालच्या बाजूला, याच प्रजातीतल्या बोटभर उंचीच्या एकवर्षायू जाती ओलसर जागी उगवतात, आणि त्यांना ट्रिगरप्लांट म्हणून कुणी ओळखत नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी जाल तर चार फोटो काढा: समोरून एक फूल, बाजूने एक फूल म्हणजे खांबाचं वळण दिसेल, अख्खा दांडा, आणि बुडखा. बुडख्याशेजारी रेल्वेचं कार्ड ठेवा, माप कळेल. उंची आणि जमीन कशी होती, रेताड की दलदलीची, तेही लिहा. आणि मुलीला सांगा, एका फुलाला एकदाच डिवचायचं. नुसतं गंमत म्हणून पाच वेळा केलं तर माशी येईल तेव्हा ते नेमकं तयारीत नसेल.